तलावाला तीन वर्षं लागतात

१० जून २०२४, सोमवार

अर्जांची मुदत शनिवारी संपली. जागा तीन आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी, लाखांदूर आणि साकोली तालुक्यांत एकेक. काम मालगुजारी तलावांचं. गाळ, पाळ, बेशरम, मासळी, ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे हिशेब, बायकांचे गट, सगळं त्यात आलं. दिवसभर अर्ज वाचले आणि वाचता वाचता टेबलावर दोन गठ्ठे झाले. एक पुणे, मुंबई, नागपूर, तुळजापूरचा. त्यातली इंग्रजी सफाईदार, इंटर्नशिपची यादी लांब. दुसरा तुमसर, मोहाडी, लाखनी, अड्याळचा. एमएसडब्ल्यू झालेल्या मुली, कृषी पदवीधर, नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून बाहेर पडलेला मोहाडीकडचा एक मुलगा. यांचे अर्ज एका पानाचे. एकीनं शेवटी पेनानं लिहिलंय, 'घरी दीड एकर धान आहे. रोवणी येते. दुचाकी येते.'

निवडीच्या वेळी पहिला गठ्ठा नेहमी वर राहतो. मला ते पटत नाही आणि मी तसं बैठकीत बोलतेही. तलावाच्या कामाला लागणारी निम्मी माहिती दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना लहानपणापासून आहे. ती 'अनुभव' या रकान्यात लिहायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही एवढंच. यंदा नाव, गाव आणि कॉलेज झाकून अर्ज वाचायचे, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.

१९ जून, बुधवार

आजपासून राज्यभर पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या. जागा १७ हजार ४७१. गेले कित्येक महिने पहाटे वरठीच्या रस्त्यानं निघालं की मुलंमुली धावताना दिसायची, कडेला एखादा मोठा भाऊ मोबाइलवर वेळ लावून उभा असायचा. त्यातलीच एक आमच्या यादीत आहे, रोवणी येणारी. सकाळी फोन आला. "ताई, माझं ग्राउंड आहे. मुलाखत दोन दिवस पुढं होईल का?"

पुढं केली. दुपारी एक सहकारी म्हणाले, हिचं मन वर्दीत आहे, हिला कशाला बोलवायचं? मी स्पष्ट नाही म्हटलं. दीड एकर धानावर पाच माणसं जगतात त्या घरातल्या मुलीनं ठरल्या तारखेचा पगार आणि आजारपणातली रजा शोधणं यात वावगं काय आहे? गावात काम करायचं तर पोटाची काळजी सोडून या, ही अट आपण शहरातल्या मुलांना घालत नाही. त्यांच्या घरानं ती काळजी आधीच मिटवलेली असते. गरीब घरची मुलगी मात्र भरतीला गेली की तिची निष्ठा मोजायला बसायचं. हा अन्याय आहे.

२४ जून, सोमवार

मुलाखती. उत्तरं बरीचशी सारखी आली. लक्षात राहिला तो एक प्रश्न, आणि तो समोरून आलेला. मूळची सोलापूरची, तुळजापूरला समाजकार्य शिकलेली मुलगी. आमचं विचारून झाल्यावर तुम्हाला काही विचारायचंय का म्हटलं, तर म्हणाली, "माझ्याआधी या जागेवर कोण होतं? आणि ते का गेले?"

खोलीत शांतता झाली. मी फाईल उघडून सांगितलं. लाखांदूरला आधी होता तो पुढं शिकायला गेला. त्याच्या आधीची मुलगी लग्न होऊन गेली. तिच्या आधीच्या मुलाचा प्रकल्पच संपला होता; निधी ३१ मार्चला थांबला आणि एप्रिलात तो घरी. तिनं वहीत लिहून घेतलं, मान वर केली आणि विचारलं, "मग तलावाचं काय झालं?"

लाखांदूरला तिची निवड एकमतानं झाली. पवनीला मत्स्यविज्ञानवाला. साकोलीला रोवणीवाली, तिचं ग्राउंड चुकलं नाही आणि मुलाखतही चुकली नाही.

९ जुलै, मंगळवार

लाखांदूरला खोली शोधण्यात दिवस गेला. एकटी मुलगी, परक्या जिल्ह्यातली, रात्री उशिरा गटाच्या बैठका करून परतणारी. पहिल्या घरी 'फॅमिली पाहिजे'. दुसऱ्या घरी संडास मागच्या वाडीत, दिव्याविना. तिसऱ्या घरी जात विचारली, ती उंबऱ्यातूनच परत फिरली, मीही. शेवटी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी माडीवरची खोली दिली. स्वतंत्र जिना, नळ, आणि "रात्री येशीन तं खालून आवाज दे बाप्पा, मी जागीच रायतो" एवढं एक वाक्य.

कामावर टिकण्याबद्दल चर्चासत्रांतून पुष्कळ ऐकलं आहे, ध्येय, प्रेरणा, नेतृत्व. खोलीबद्दल कुणी बोलत नाही. संस्थेच्या अंदाजपत्रकात निवासाचा रकानाच नसतो. प्रवासभत्ता असतो, कारण प्रवास हा कामाचा भाग मानला जातो. राहणं मात्र ज्याचं त्यानं बघायचं. मुलींच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांतली गळती मी पाहिली ती बहुतेक या एका गोष्टीवर.

३० जुलै, मंगळवार

रोवणी ऐन भरात. तिघांनाही पंधरवडाभर गावातल्या घरी राहायला धाडलंय. अहवाल नाही, सर्वेक्षण नाही, फक्त त्या घराच्या वेळापत्रकानं उठायचं-बसायचं. ही रीत आमची नाही. प्रदान या संस्थेनं ती वर्षानुवर्षं चालवली आहे. १९८३ साली दीप जोशी आणि विजय महाजन यांनी ही संस्था उभी केली, दोघंही नामांकित संस्थांत शिकलेले. चांगल्या कॉलेजातली मुलं निवडायची, त्यांना वर्षभर उमेदवारीवर ठेवायचं, त्यात गावातल्या कुटुंबात मुक्काम, जुन्या सहकाऱ्याबरोबर फिरणं, आणि वर्षाअखेर राहायचं की जायचं हे मोकळेपणानं ठरवायचं. त्या वर्षात जाणारे पुष्कळ असतात. तरी ते वर्ष वाया गेलं असं तिथं मानत नाहीत, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आज सोलापूरच्या मुलीला भेटले. चिखलात उभी, पऱ्ह्याची पेंडी हातात. बायकांनी रोवणी हुंड्यानं घेतलेली, म्हणजे एकरावर ठरलेली रक्कम, जितक्या लवकर होईल तितकं बरं. हिच्यामुळं ओळ मागं पडत होती. पलीकडच्या काकूनं हिच्या हातातली अर्धी पेंडी काढून घेतली, अंगठा आणि दोन बोटांत रोप कसं धरायचं, मुळाशी दाब किती द्यायचा ते दोनदा करून दाखवलं आणि पुन्हा आपल्या ओळीला लागली. बोलणं काहीच नाही. दुपारी भाजी-भात खाताना त्याच काकूनं हिला विचारलं, गटाच्या कर्जावर व्याज किती लागते जी? बैठकीत हा प्रश्न तिनं आजवर कुणालाही विचारला नव्हता.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज तान्हा पोळा. लहान मुलं लाकडी बैल ओढत दारोदार फिरली.

साकोलीच्या मुलीचे वडील आले होते. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, मग मुद्द्यावर आले. "मॅडम, पोरगी खुश हाय. पन हे सरकारी हाय का प्रायवेट? सोयरीकवाले पुसतेत, तं का सांगाव?"

त्यांना सांगितलं: नियुक्तीपत्र आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, पगार बँकेत. त्यांनी पत्र वाचून दाखवायला सांगितलं. अकरा महिन्यांची मुदत आली तिथं थांबले. "म्हंजे पुढच्या मे मयन्यापावतर?" मी हो म्हटलं. ते गप्प बसले. मुलीच्या बापानं यावर दुसरं काय करावं?

अकरा महिन्यांचं पत्र ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे; सरकारी अभियानांत, खाजगी संस्थांत, सगळीकडे. काम चालूच राहतं, माणूसही बहुतेक वेळा तोच राहतो, पण दरवर्षी तो नव्यानं लागतो. १९७२ च्या कायद्यानं ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा मागितली होती. अकरा-अकरा महिन्यांनी तोडत गेलेली नोकरी त्या पाच वर्षांपर्यंत पोचली की नाही, यावर भांडायचं कुणी? बँक गृहकर्ज देत नाही. सोयरीक जुळत नाही. आणि आपण त्या मुलाला विचारतो, तुझी गावाशी बांधिलकी किती.

त्यात राज्य सरकारची नवी कार्य प्रशिक्षण योजना आली आहे. सहा महिने, बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. ग्रामपंचायतीत, शाळेत मुलं रुजू व्हायला लागलीत. शिकायला मिळेल, चांगलंच आहे. सहा महिन्यांनंतर काय, हे आमच्या कार्यालयात येऊन विचारणारी मुलं आत्तापासूनच आहेत.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुटी. सकाळी एका गावची ग्रामसभा, नंतर घरी वाचन.

या कामाला शिकलेली माणसं लागतात, हे आपल्याला कुणी परदेशातून सांगायची गरज नव्हती. वर्धा आपल्यापासून काही दूर नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा गांधीजींनी त्याचा कारभार सोपवला जे. सी. कुमारप्पांकडे. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, कागद, गूळ, मधमाश्या यांवर जे प्रयोग झाले ते आकडे मांडून झाले. तिथंच ग्रामसेवकांना शिकवायचं विद्यालय चाललं. खादी नेसल्यानं कुमारप्पांचं हिशेबाचं ज्ञान कमी झालं नाही, आणि हिशेब येत होता म्हणून सेवा पातळ झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ सालच्या याच दिवशी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. एका ग्रामसेवकाच्या अंगावर अनेक गावं आणि शेतीपासून आरोग्यापर्यंत सगळी खाती. पुढं तो कागदातच बुडाला. बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या भरवल्या. तिथून मराठी मुलांच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या आणि काही आयुष्यभरासाठी गावात गेल्या. आणंदला १९७९ मध्ये कुरियन यांनी इर्मा काढली, तिथल्या पदवीधरांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांतच जावं हा त्यांचा आग्रह, आणि तो शेवटपर्यंत पुरा झाला नाही. २००६ पासून अभय आणि राणी बंग यांचं 'निर्माण' गडचिरोलीत चालू आहे. २०१२ मध्ये पंतप्रधान ग्रामविकास फेलोंची पहिली तुकडी नक्षलग्रस्त जिल्ह्यांत गेली, आमच्या शेजारी गोंदियातसुद्धा. २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप.

इतकं सगळं झालं, त्यात खोटं काही नव्हतं. पण यातले बरेच प्रयत्न तरुणाला गावापर्यंत आणण्याचे आहेत. दुसऱ्या वर्षी त्याचं काय करायचं, लग्न झाल्यावर काय, चाळिशीत काय, याचं उत्तर फार थोड्यांनी शोधलं. फेलोशिप मुदतीप्रमाणे संपतेच. गावाला फेलो गेल्याचं कळतं, त्यानं मांडलेला अहवाल मात्र कळत नाही.

थांबलेल्यांची एक गोष्ट जवळचीच आहे. अर्जुनी मोरगाव तालुका १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. तिथं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं, मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी, पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर जाणकारांना बरोबर घेऊन तलाव अभ्यासले. कोणता मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, कुठली वनस्पती का गेली, हे लोकांच्या तोंडून ऐकून टिपलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढले, पक्षी आले. हे काम अकरा महिन्यांच्या माणसाला करताच आलं नसतं. पहिल्या उन्हाळ्यात तळ साफ होतो, दुसऱ्या पावसाळ्यात लावलेलं धरतं की नाही ते दिसतं, तिसऱ्या वर्षी कुठं मासळीचा हिशेब लागतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडई सुरू. गावोगाव पाहुणे, दिवसा बाजार, रात्री नाटक. धान कापणीचा पैसा हाती यायच्या बेतात. तिघंही परवा रात्री एका गावच्या मंडईत होते. पहाटेपर्यंत नाटक पाहून आले. दुसऱ्या दिवशी उशिरा उठले म्हणून कार्यालयातल्या एकानं कुरकुर केली. मी त्यांची हजेरी लावली. ज्या गावानं रात्रभर आपल्या शेजारी सतरंजीवर बसवून घेतलं, त्या गावातली पुढची बैठक कशी होते ते ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

पवनीच्या मुलानं राजीनामा दिला.

मासळीचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत आंध्रात नोकरी, पगार दुपटीहून अधिक. तो सरळ बोलला म्हणून बरं वाटलं. पगार हे कारण नाही, असं तो म्हणाला आणि लगेच, "म्हणजे आहे ताई, पण पहिलं नाही." मग पहिलं काय? त्यानं मोबाइल पुढं केला. निधी देणाऱ्यांची दोन ॲप. रोज संध्याकाळी एकात बैठकीचे फोटो, दुसऱ्यात लाभार्थींचे आकडे. पवनीला रेंज नसली तर रस्त्यावर येऊन भरायचे. "मी चार वर्षं मासे शिकलो. तलावात कोणते बीज सोडायचे हे मी सांगितलं, तर वरून आलं, की यादीत रोहू-कटला आहे तेच सोडा. सहा महिन्यांत एक निर्णय माझा झाला नाही. कंपनीत निदान माशांशी काम राहील."

हा मुलगा इथलाच. आई-बाप याच जिल्ह्यात. बोली एक, जेवण एक. स्थानिक मुलगा टिकतो, हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. गावचा असणं पुरेसं नाही. ज्याला विद्या आहे त्याला ती वापरू द्यावी लागते. त्याला सोडताना मी एवढंच म्हटलं, पवनीतल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना जाऊन भेट आणि कारण स्वतः सांग.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तो गेला, भेटला. संस्थेचे जुने अध्यक्ष, ढिवर म्हातारबा, त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मला फोन लावला. "पोरगा चांगला होता जी. मांगच्या सायबानं मासे मोजले, फोटू काहाडले, अन् पानी पडाच्या आंदी चालला गेला. यानं तं आमचे कागद तरी दुरुस्त केले. आता येनारा कितीक दिवस रायते, हे आमाले आंदी सांगा. मंग आमी त्याले तलाव दाखवू."

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

नव्या वर्षाचं अंदाजपत्रक. निधी देणाऱ्या कंपनीच्या लोकांशी दोन तास बोलणं झालं. माझे मुद्दे तीनच होते. नियुक्तीपत्र तीन वर्षांचं. निवासाचा खर्च कामाच्या खर्चात. आणि तिघांबरोबर फिरणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा पगार प्रकल्पातून, 'प्रशासकीय' म्हणून बाजूला काढायचा नाही.

पहिल्यावर नेहमीचं उत्तर आलं की कायद्यानं सगळं वर्षाच्या हिशेबात बसवावं लागतं. तसं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, म्हणजे सामाजिक जबाबदारीवर नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के खर्च. त्याखालच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षं चालवता येतो असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. मी नियमांची प्रत समोर ठेवली. त्यांच्यातल्या हिशेबाच्या बाईंनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्ही कधी मागितलंच नाही, कारण संस्थांनीही मागितलं नाही."

तिसरा मुद्दा अवघड गेला. प्रशासकीय खर्च म्हटलं की सगळे बिचकतात. परदेशी निधीत तर २०२० च्या दुरुस्तीनं या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. कागदपत्रं, भाडं, वीज हे प्रशासकीय आहे, मान्य. पण नव्या मुलाबरोबर वर्षभर गावात फिरणारा, त्याची पहिली फसलेली बैठक पाहणारा आणि परतताना दुचाकीवर त्यावर बोलणारा माणूस, हा खर्च कामाबाहेरचा कसा? तलावाच्या पाळीवर टाकलेली माती कामात धरायची आणि पाळ फुटेल कुठं हे शिकवणारा धरायचा नाही, असा हा हिशेब आहे. मी आवाज चढवला. त्याबद्दल मला काही वाटलं नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाचा मेळावा. माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, लोकसंचालित साधन केंद्रातल्या बायकांशी निवांत बोलायला मिळालं. बचत गटांचा महासंघच व्यवस्थापक, लेखापाल आणि सहयोगिनी नेमतो आणि त्यांचा पगार काढतो. एक सहयोगिनी अनेक वर्षं तेच काम करते आहे, गटाची कर्जं तोंडपाठ, बँकेच्या चार शाखाधिकाऱ्यांना तिनं येताना-जाताना पाहिलंय. तिला कुणी कधी व्यावसायिक म्हटलेलं नाही आणि तिचा पगारही तसा नाही.

गावानं स्वतः नेमलेलं माणूस गावाला सोडवत नाही. आपलं मानलेलंही नाही. २०२० साली 'उमेद' या सरकारी अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नेमणुका पुढं चालू ठेवायच्या की नाही हा प्रश्न उभा राहिला तेव्हा राज्यभर गटातल्या बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या, स्वतःच्या मागणीसाठी नव्हे, 'आमच्या मॅडम' राहाव्यात म्हणून. सरकारी कामगिरीच्या कुठल्याही तक्त्यात ही गोष्ट मोजायला रकाना नाही.

२६ एप्रिल, शनिवार

लाखांदूरकडचा तलाव. पाणी मधोमध आटून आलंय, कडेला बेशरमचं रान. सकाळी सहाला चाळीसेक बाया-माणसं लागली. बेशरम वरून तोडून भागत नाही, मूळ राहिलं की पावसात दुप्पट येते. कुदळीनं खणून, ओढून, पाळीबाहेर नेऊन वाळवायची. तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो, म्हणून सोलापूरच्या मुलीनं दोन पोरांना फक्त पडलेले तुकडे वेचायच्या कामावर लावलं होतं. नऊ वाजता तिची आणि बायकांची वादावादी झाली. तिला सगळा काठ साफ करून हवा होता. बायका म्हणाल्या, ईशान्येचा कोपरा राहू द्या, तिथं देवधान आहे आणि मरळ तिथंच पिल्लं सांभाळते. ती तिकडं गेली, वाकून पाहिलं, हातानं गवत बाजूला केलं, वहीत आकृती काढली आणि त्या कोपऱ्याभोवती स्वतः दोरी बांधून घेतली.

साकोलीची मुलगी मदतीला आली होती. पोलीस भरतीत तिची निवड थोडक्यात हुकली. पुन्हा देणार आहे, तसं तिनं मला सांगून ठेवलंय. द्यावीच. तोवर आणि त्यानंतरही, तिच्या तालुक्यातल्या गटांचे हिशेब आज पहिल्यांदा बिनचूक आहेत.

१४ मे, बुधवार

कंपनीचं पत्र आलं. तीन वर्षांचा करार मान्य. निवास मान्य. ज्येष्ठ सहकाऱ्याचा पगार अर्धाच प्रकल्पात धरलाय, उरलेला अर्धा आम्ही उभा करायचा. अर्ध्यासाठी पुन्हा भांडेन. दोन ॲपचं एक झालं आहे, आणि बीज कोणतं सोडायचं हे स्थानिक संस्थेनं ठरवायचं, असं कलम घालून घेतलं.

पवनीच्या जागेच्या मुलाखती या वेळी गावात घेतल्या, समाजमंदिरात. आमची दोन माणसं, मच्छीमार संस्थेचे दोघं, गटाच्या दोघी. शिकलेल्यांचे प्रश्न पंधरा मिनिटांत संपले. मग म्हातारबांनी प्रत्येकाला तलावाच्या काठानं फिरवून आणलं आणि चालता चालता काय विचारलं ते त्यांनाच माहीत. गुणांची बेरीज केली तेव्हा आमचा पहिला उमेदवार आणि गावाचा पहिला वेगळा निघाला. आमचा होता मुंबईचा, मांडणी उत्तम. गावानं निवडलेली मुलगी तुमसरची, प्राणिशास्त्रात एमएस्सी, बोलायला सावकाश. गटाच्या अध्यक्षबाईंनी कारण दिलं, "ते जे पुसत होती ते सारं लिवून घेत होती. अन् मांगच्यानं का केलं तेही तिनं पुसलं."

गावाची निवड कायम केली. नियुक्तीपत्र तीन वर्षांचं निघालं, मी आजच सही केली. पवनीतली खोली पाहून ठेवली आहे, भाडं संस्था देणार. १ जूनला रविवार येतो, म्हणून ती २ तारखेला रुजू होईल. तलावाचा तळ त्याआधी नांगरून व्हायला हवा, ट्रॅक्टरवाल्याला उद्या गाठायचं आहे.